पाहुणे रात्रीच येतात

परदेशातून थेट नागपुरात उतरणारा माणूस हे शहर पहिल्यांदा पाहतो ते अंधारात. दोह्याहून आणि शारजाहून येणारी विमानं सोनेगावच्या धावपट्टीवर टेकतात ती साधारणपणे मध्यरात्र उलटून गेल्यावर. ही वेळ नागपूरच्या सोयीने ठरलेली नाही, आखातातल्या विमानतळांच्या सोयीने ठरली आहे. दोह्याचा विमानतळ म्हणजे आकाशातलं इटारसी जंक्शन. आपल्याकडची माणसं पहाटेपर्यंत तिथे गोळा करायची आणि सकाळच्या विमानांनी युरोप-अमेरिकेला रवाना करायची, असा तिथला रोजचा हिशेब. म्हणून तिकडून संध्याकाळी निघालेलं विमान चारेक तासांत इथे येतं. साफसफाई होते, इंधन भरलं जातं, नवे प्रवासी चढतात आणि उजाडायच्या आत ते परत निघतं.

त्यातून उतरणाऱ्या पॅरिसच्या किंवा फ्रँकफर्टच्या पाहुण्याला मात्र घरातून निघून पंधरा-सोळा तास झालेले असतात. सहा-साडेसहा तास दोह्यापर्यंत, तिथे थांबणं, मग नागपूर. इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेर पडला की समोर वर्धा रोड. मेट्रो रात्री बंद, त्यामुळे तिला पेलणारे खांब तेवढे दिसतात, एकामागून एक. ज्या दुमजली पुलाची नोंद गिनीज बुकात झाली म्हणून आपण २०२२ साली कौतुक केलं, तो त्याच्या डोक्यावरून निघून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांत गाडी काचेच्या मोठ्या दाराशी थांबते. प्राइड, रॅडिसन ब्लू, ल मेरिडियन ही सगळी वर्धा रोडवरचीच. शहरात गेलं तर रामदासपेठेत सेंटर पॉइंट आणि तुली इम्पिरियल. भारताशी त्या माणसाची पहिली खरी गाठ पडते ती दाराआडच्या काउंटरपाशी.

या लेखासाठी अशा एका हॉटेलच्या लॉबीत मी काही रात्री बसून काढल्या. ताजमहाल दाखवून देश कळतो की नाही हे मला सांगता येणार नाही, पण रात्री तीन वाजता काउंटरवर काय घडतं त्यावरून तो नक्की कळतो, असं माझं मत त्या रात्रींत पक्कं झालं.

एक जोडपं आठवतं. साठी ओलांडलेलं, अंगात खाकी रंगाचे कपडे, गळ्यात दुर्बिणी; म्हणजे ताडोब्याचे किंवा पेंचचे. बाई सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या, पाठ न टेकता. एकदा टेकली की उठवणार नाही, अशा बेताने बसतात तशा. गृहस्थ काउंटरपाशी उभे. पलीकडची मुलगी पंचविशीची असेल. तिने हसून स्वागत केलं आणि पहिला शब्द उच्चारला तो पासपोर्ट. मग दोन्ही पासपोर्ट स्कॅन झाले, व्हिसाच्या प्रती निघाल्या, कार्ड मागून घेतलं, त्यावर अनामत रक्कम अडकवली, सह्या झाल्या. मुलीचं काही चुकत नव्हतं. ती तरबेज होती, बोटं झरझर चालत होती. पण गृहस्थांचे ओठ सुकलेले मला सोफ्यावरून दिसत होते. पाण्याचा ट्रे आला तो सगळ्या सह्या झाल्यावर. त्यांनी पहिला पेला एका दमात संपवला, आणि ट्रेवर संत्र्याच्या रंगाचं गोड सरबत होतं त्याकडे पाहिलंही नाही.

ही तहान कशाची, याचं उत्तर विमानाच्या पोटात आहे. लांब पल्ल्याच्या विमानात हवेतला दमटपणा बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. मे महिन्यातली नागपूरची दुपार आठवावी. वरून केबिनमधला हवेचा दाब असतो सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका. आपलं कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फुटांचं. म्हणजे कळसूबाईच्याही वरच्या हवेत, नागपूरच्या उन्हाळ्यातल्या कोरडेपणात, गुडघे दुमडून दहा-बारा तास बसून आलेला हा माणूस आहे. त्याच्या घशाला कोरड पडलेली असते, पाय सुजलेले असतात, कानांना दडे बसलेले असतात. त्याच्याशी हळू आणि स्पष्ट बोलावं लागतं.

शिवाय त्याच्या अंगातलं घड्याळ वेगळंच. हिवाळ्यात नागपुरात पहाटेचे तीन वाजलेले असतात तेव्हा पॅरिसमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात. टोकियोत त्याच क्षणी सकाळचे साडेसहा. फ्रेंच पाहुण्याला नेमकी झोप यायची वेळ आहे, जपानी पाहुण्याची उठायची. एकाच विमानातून उतरलेले दोघे एकाच लॉबीत उभे असतात आणि एकाला उशी हवी असते, दुसऱ्याला न्याहारी. शरीर नव्या वेळेला रुळतं ते ढोबळमानाने रोज एक तासाच्या गतीने, आणि पूर्वेकडे येताना ते जास्त जड जातं, कारण नेहमीपेक्षा लवकर झोपावं लागतं. ज्या हॉटेलात हे कुणीतरी ध्यानात घेतलेलं असतं, तिथे रात्रीचं स्वयंपाकघर एखादं सूप आणि टोस्ट देण्यापुरतं तरी जागं ठेवतात.

आता काउंटरची बाजू. तिथे बसलेल्या मुलामुलींनाही त्या वेळी दोन मालक असतात. एक मालक हॉटेल, दुसरा सरकार. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणं हॉटेलवर बंधनकारक आहे. सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यापासून ही जबाबदारी चालत आली. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्यांची जागा नव्या इमिग्रेशन कायद्याने घेतली, तरी खोली देणाऱ्याने कळवायचं हे कायम आहे. पूर्वी कागद पोलिसांकडे पोचवावा लागे, आता संगणकावर भरतात. नाव, पासपोर्टचा क्रमांक, व्हिसाचा क्रमांक, भारतात कुठे आणि कधी आलात, इथे कुठून आलात, आणि इथून पुढे कुठे जाणार.

शेवटच्या रकान्याने मला विचारात पाडलं. नागपुरात तो रकाना कधी रिकामा राहत नाही. ताडोबा, पेंच, कान्हा, सेवाग्राम, कामठी. इथे येणारा जवळपास प्रत्येक परदेशी माणूस दुसरीकडे जाण्यासाठी आलेला असतो, आणि आपल्या शहराने हे इतकं मनावर घेतलंय की आपण स्वतःला वाटेतलं गाव मानून मोकळे झालो आहोत. मला ही गोष्ट मनापासून खटकते. वाटेवरचं गाव असणं ही लहान कामगिरी नाही. थकलेल्या माणसाला मध्यरात्री नीट उतरवून घेऊन पहाटे नीट रवाना करणं हे कसब आहे. आणि या शहराला ते एकेकाळी अख्ख्या देशासाठी येत होतं.

३० जानेवारी १९४९. त्या रात्रीपासून नागपुरात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा केंद्रात दळणवळण मंत्री होते आणि कल्पनेमागचा जोर त्यांचा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं सुटत आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावात एकत्र येत. प्रत्येकाच्या पोटातल्या पिशव्या उतरवायच्या, मद्रासची टपाल दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या विमानात अशी अदलाबदल करायची, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यात. त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या पत्रांनाही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची सोय सरकारने केली, त्यामुळे या पिशव्यांत व्यापाऱ्याच्या हुंडीबरोबर एखाद्या आईचं कार्डही असे.

विमानं सुरुवातीला डकोटा होती, पुढे मोठी आली. १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स जन्माला आली, तेव्हा ही सेवाही तिच्याकडे गेली. आणि नुसती टपालच नव्हे, माणसंही या विमानांतून जात. दिवसाच्या विमानापेक्षा तिकीट स्वस्त, म्हणून झोपमोड पत्करणारे पुष्कळ. मद्रासहून दिल्लीला निघालेला माणूस मध्यरात्री सोनेगावला उतरे, चार विमानं समोर उभी, पिशव्यांच्या गाड्या पळताहेत, आणि तो आपलं दुसरं विमान शोधतोय. जोखीमही होतीच. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेलं विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात नागपूरजवळ कोसळलं. कामगार चळवळीतले नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री त्या अपघातात गेले. तरी सेवा थांबली नाही. ती चालली १९७३ पर्यंत.

इथे एक तारीख शेजारी ठेवून पाहावी. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेत मेम्फिस शहरातून फेडरल एक्स्प्रेस नावाच्या नव्या कंपनीने १४ लहान विमानांनी २५ शहरांची १८६ पाकिटं पोचवली. पद्धत तीच: रात्री सगळी विमानं मधल्या एका गावी आणायची, माल बदलायचा, पहाटे परत पाठवायची. ज्या वर्षी मेम्फिसने हे सुरू केलं त्याच वर्षी नागपूरने बंद केलं. मेम्फिसच्या विमानतळाने पुढे मालवाहतुकीत जगात नाव काढलं. नागपुरात सोनेगावचे ते दिवस आठवणारी माणसं आता उतारवयात आहेत, आणि विमानतळावर त्या सेवेची ओळख नव्या पाहुण्याला करून देईल असं काही ठळकपणे दिसत नाही. आगमनाच्या दालनात एक भिंत तिला द्यायला काय हरकत आहे? दोह्याच्या विमानातून रात्री उतरणाऱ्याला कळू दे की या वेळी या गावात उतरणारा तो पहिला नव्हे.

नागपुरातल्या हॉटेलात येऊन उतरण्याची सर्वांत मोठी घटना अर्थात यापेक्षा वेगळी आहे. ती परदेशी पाहुण्याची नाही आणि आलिशान हॉटेलाचीही नाही. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. बरोबर पत्नी माईसाहेब आणि सचिव नानकचंद रत्तू. मुक्काम सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात. प्रकृती खालावलेली होती, पाय दुखत होते, आधार घेऊन चालावं लागत होतं. १३ तारखेला तिथेच त्यांनी वार्ताहरांना आपली भूमिका सांगितली, आणि १४ ऑक्टोबरच्या सकाळी त्या हॉटेलातून निघून दीक्षाभूमीवर गेले. ज्यांच्याकडून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ते महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. आज विमानतळाला बाबासाहेबांचं नाव आहे. अशोक विजयादशमीला जपान, थायलंड, श्रीलंकेतून भिक्खू आणि उपासक त्याच विमानतळावर उतरतात, तेव्हा वर्धा रोडच्या हॉटेलांत काषाय वस्त्रं दिसू लागतात. काउंटरवरच्या अनुभवी माणसांना ठाऊक असतं की यांतले बरेच जण दुपारनंतर जेवत नाहीत, तेव्हा न्याहारी आणि दुपारचं जेवण वेळेवर मिळालं पाहिजे.

आणि एक जण आला तो परत गेलाच नाही. जपानी भिक्खू सुरई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले, नागपूरला पोचले, इंदोऱ्याच्या विहारात राहिले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. बोधगयेच्या महाबोधी विहारासाठीच्या आंदोलनाचं त्यांनी नेतृत्व केलं. 'पुढे कुठे' या रकान्यात त्यांच्यापुरतं तरी नागपूरच लिहायला हवं होतं.

क्रिकेटच्या संघांबद्दल मी फार लिहीत नाही. ते येतात तेव्हा हॉटेलचा अख्खा मजला राखून ठेवतात, बाहेर पोलीस, पोरांची गर्दी. जामठ्याचं मैदान वर्धा रोडलाच पुढे असल्याने हॉटेल ते मैदान हा प्रवास सरळ. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कसोटी सामना तिसऱ्याच दिवशी संपला, भारत एक डाव आणि १३२ धावांनी जिंकला. पुढच्याच महिन्यात जी-२० च्या निमित्ताने सी-२० ही नागरी संघटनांची परिषद रॅडिसन ब्लूमध्ये झाली. त्यासाठी शहर सजवलं, भिंती रंगवल्या, झाडांवर दिवे सोडले. मला ते आवडलं होतं. पण सजावट परिषदेपुरती असते, आणि वर्षभर एकेकटा येणारा पाहुणा भिंत पाहत नाही. त्याला दिसतो फक्त काउंटर.

वाघाचा पाहुणा वेगळ्या वेळापत्रकावर चालतो. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं, ऑक्टोबरपासून फाटकं उघडतात, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला हंगाम चढणीला लागलेला असतो. पेंचचं सिल्लारी फाटक नागपूरपासून सत्तरेक किलोमीटर, ताडोब्याची उत्तरेकडची फाटकं शंभराच्या आसपास. सकाळची सफारी सुटते उजाडताना. तीन वाजता हॉटेलात पोचलेला माणूस त्याच पहाटे सफारीला जायचं म्हणाला, तर त्याला चार वाजता गाडीत बसावं लागेल. जाणते आयोजक असं करत नाहीत, एक रात्र आणि एक दिवस नागपुरात ठेवतात. त्या एका दिवसात आपण त्याला काय देतो? बहुतेक वेळा खोली, जलतरण तलाव आणि बुफे. तर्री पोहे दहा मिनिटांच्या अंतरावर असतात, पण ते त्याच्यापर्यंत येत नाहीत आणि तो त्यांच्यापर्यंत जात नाही.

मध्यरात्रीनंतर उतरण्याच्या या वेळेची आणखी एक गंमत हॉटेलच्या संगणकात आहे, आणि ती परदेशी माणसाला फार महागात पडते. हॉटेलची तारीख रात्री बारा वाजता बदलत नाही. नाइट ऑडिट नावाचं एक काम असतं. दिवसभराची बिलं, खोल्यांचं भाडं, रेस्टॉरंटचा गल्ला सगळं जुळवून रात्रपाळीचा माणूस दिवस 'बंद' करतो, साधारण दोन ते चारच्या दरम्यान. तोवर संगणकात कालचीच तारीख. आता पंधरा तारखेला पहाटे तीनला उतरणाऱ्याने खोली कोणत्या तारखेची घ्यायची? चौदाची. त्याच्या तिकिटावर मात्र पंधरा छापलेलं असतं, आणि तो घरी बसून पंधराचीच खोली घेतो. इथे आल्यावर कळतं की पंधराची खोली दुपारी दोनला मिळणार. तीन ते दोन, अकरा तास. मग त्याने एक तर आणखी एका रात्रीचं पूर्ण भाडं भरायचं, नाहीतर सोफ्यावर बसायचं. खोली रिकामी असली तर समजूतदार व्यवस्थापक सोडतोही. पण ते ज्याच्या त्याच्या मनावर. ज्या शहरात परदेशातलं थेट विमान रात्रीच येतं, त्या शहरातल्या हॉटेलांनी पहाटे येणाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचा दर ठरवून तो बुकिंगच्या वेळीच दाखवला पाहिजे. यात दानधर्म नाही. ज्याचं त्याला मिळालं तर तो परतीच्या वाटेवरही तिथेच उतरेल.

या हॉटेलांपासून हाकेच्या अंतरावर येऊनही त्यांच्यापर्यंत न पोचणारी माणसंही असतात. आखात आणि पूर्वेकडचे देश यांच्यामधली कितीतरी विमानं नागपूरच्या डोक्यावरून जातात. वर काही बिघडलं, कुणाच्या छातीत दुखू लागलं, की जवळचा मोठा विमानतळ म्हणून सोनेगाव आठवतं. २७ ऑगस्ट २०२१ रोजी मस्कतहून ढाक्याला निघालेलं बिमान बांगलादेशचं विमान रायपूरच्या आसपास असताना कॅप्टन नौशाद अताउल क्वायूम यांना हृदयविकाराचा झटका आला. कलकत्त्याच्या नियंत्रकांनी नागपूर सुचवलं, सहवैमानिकाने विमान सुखरूप उतरवलं. १२४ प्रवासी वाचले. कॅप्टनना किंग्जवे रुग्णालयात नेलं, पण ३० ऑगस्टला ते गेले. या शहरात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, तरी त्या तीन दिवसांत नागपूरच्या वर्तमानपत्रांनी रोज त्यांच्या प्रकृतीची बातमी दिली, हे मला आपल्या गावाबद्दल अभिमानाने सांगावंसं वाटतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा बिमानचंच, ढाक्याहून दुबईला निघालेलं मोठं विमान तांत्रिक कारणाने इथे उतरलं; आत ३९६ प्रवासी. अशा वेळी माणसांजवळ भारताचा व्हिसा नसतो. खास परवानगी मिळाल्याशिवाय इमिग्रेशनच्या पलीकडे पाऊल टाकता येत नाही. बाहेर वर्धा रोडवर शेकडो खोल्या, पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि आत बाकांवर बसलेली आखातात राबायला निघालेली माणसं. त्यांच्यासाठी हॉटेल म्हणजे विमानतळाचंच दालन. तेव्हा आलिशान पाहुणचाराची चर्चा करताना विमानतळाच्या त्या दालनातलं पाणी, स्वच्छतागृह आणि पांघरुणं हीसुद्धा शहराच्या पाहुणचारातच धरायला हवीत.

आता उलट बाजू, कारण आपणही पाहुणे होतोच. दोह्याचं जे विमान रात्री परदेशी माणसाला सोडतं, तेच पहाटे नागपूर-अमरावती-यवतमाळच्या माणसांना घेऊन निघतं. पूर्वी विदर्भातला माणूस परदेशी जायचा तो बहुधा सहलीच्या घोळक्यातून. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या मराठी कंपन्यांनी त्याला जग दाखवलं, आणि काउंटरपासून वाचवलंही. टूर मॅनेजर सगळे पासपोर्ट गोळा करून पुढे होतो, परत येतो तो चाव्या वाटतच. आता मात्र मुलगा म्युनिकला, मुलगी टेक्सासात. आईबाबा स्वतःचे स्वतः निघतात आणि वाटेत दोन दिवस हॉटेलात उतरतात. दुपारी बाराला युरोपात पोचायचं, खोली तीनला. साडीवर स्वेटर घातलेल्या काकू लॉबीत बॅगांच्या राखणीला बसतात, काका काउंटरवर. चौकशी तिथेही हीच. इटलीत हॉटेलवाल्याला पाहुण्याची माहिती चोवीस तासांत पोलिसांना कळवावी लागते, जपानमध्ये परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत ठेवावी लागते. रोम, मिलान, पॅरिसला शहराचा कर वेगळा. कार्डावर अनामत अडकते आणि काकांना वाटतं, पैसे कापले गेले. ते पैसे काही दिवसांनी सुटतात, हे कुणीतरी त्या क्षणी शांतपणे सांगायला हवं असतं.

मिलानमध्ये मला असा एक माणूस भेटला. हॉटेल मोठं होतं, माझ्या ऐपतीपेक्षा जरा जास्तच. कामानिमित्त कुणीतरी उतरवलं होतं. रात्रभराचा प्रवास करून सकाळी पोचलो. काउंटरमागे साठीचा गृहस्थ होता. मी पासपोर्ट काढायला खिशात हात घातला तर त्याने हाताने थांबवलं, मागे वळून काचेच्या सुरईतलं पाणी पेल्यात ओतलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी पिऊन होईतो तो काही बोलला नाही. मग म्हणाला, आता पासपोर्ट. फरक होता फक्त दोन मिनिटांचा, आणि कामांच्या क्रमाचा. कायदा त्यानेही पाळलाच.

हा क्रम आपल्याकडे कुणाला शिकवावा लागतो? वैशाखातल्या उन्हातून कुणी दारात आलं की विदर्भातल्या कोणत्याही घरात आधी तांब्याभर पाणी येतं, सोबत गुळाचा खडा. कुठून आलात, कशासाठी आलात, हे मागाहून. मोठ्या हॉटेलांनी पाहुणचाराचे धडे बाहेरून आणले, त्यात चांगलंही पुष्कळ आलं: स्वच्छता, टापटीप, तक्रार ऐकून घेण्याची रीत. पण रात्री तीनचा क्रम त्यांनी या घरांकडून घ्यावा. सी-फॉर्म भरायला चोवीस तास असतात. पासपोर्टचं छायाचित्र पाहुणा खुर्चीवर बसलेला असतानाही काढता येतं. बॅग खोलीत जाऊ द्या, गरम पाण्याची अंघोळ होऊ द्या, कार्डाचं सकाळी बघू. हे ठरवणं रात्रपाळीच्या मुलीच्या हाती नाही. ती नियमाबाहेर गेली तर सकाळी तिलाच जाब विचारतात. ते वरच्यांनी ठरवून तिला सांगायला हवं, आणि या पाळीत काम करणाऱ्यांचा मोबदलाही त्या जबाबदारीला शोभेल असा हवा. मध्यरात्रीनंतर परदेशी माणसापुढे अख्खा देश तीच असते.

त्या जोडप्याच्या खोलीतली फळांची टोपली मी पाहिली नाही, पण त्याच हॉटेलात दुसऱ्या एका पाहुण्याच्या खोलीत पाहिली. त्यात होतं स्टिकर लावलेलं सफरचंद, एक किवी आणि दोन केळी. दिवस ऑक्टोबरअखेरचे होते. त्याच आठवड्यात कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ट्रक रोज रिकामे होत होते. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या नावाने आपण शहराची ओळख सांगतो. तेव्हा हॉटेलांच्या खरेदी विभागाने हंगामात कळमन्यातून संत्री उचलावीत आणि प्रत्येक खोलीत दोन तरी ठेवावीत. रस काढून नको, सोलून, फोडी करून, प्लास्टिक ताणलेल्या बशीतूनही नको. अखंड ठेवावीत. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सुरी लागत नाही, नखाने सुटते. प्रवासभर विमानातलं पुठ्ठ्यासारखं अन्न खाल्लेल्या माणसाने पहाटे साडेतीन वाजता बिछान्याच्या कडेवर बसून ते स्वतः सोलावं, आणि सालीचा वास दुसऱ्या दिवशी जिप्सीत बसेपर्यंत त्याच्या बोटांना राहावा.